इंजिन बांधायचं की बदलायचं? मासवणच्या फियाटची हकीकत

(ज्यांना कानात हेडफोन घालून बसायला वेळ नाही, त्यांच्यासाठी हा भाग नेहमीप्रमाणे लिहून काढलाय. बोलताना जे 'म्हणजे', 'म्हणजे' फार झालं ते थोडं छाटलंय, बाकी आहे तसंच.)

आज कोडिंग नाही, इंटरव्ह्यूच्या टिप्स नाहीत. आज इंजिन. आणि इंजिन म्हणजे सर्च इंजिन नाही. लोखंडी, तेलकट, दीड माणसाला न उचलणारं इंजिन.

आमच्याकडे मासवणला घराच्या पडवीलगत एक गाडी उभी आहे. प्रीमियर प्रेसिडेंट, १९७३ ची. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी हे नावच ऐकलं नसेल, म्हणून आधी थोडी वंशावळ. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. कुर्ल्याला कारखाना. इटलीच्या फियाटचं लायसन्स घेऊन गाड्या बनवायच्या. आधी जी गोलमटोल फियाट आली तिला लोक प्रेमाने 'डुक्कर फियाट' म्हणायचे. १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट आली, मग काही काळ तिचंच नाव प्रीमियर प्रेसिडेंट झालं आणि १९७४ पासून पद्मिनी. म्हणजे मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी डोळ्यांसमोर आणा, तीच गाडी. मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ ची होती, वीस वर्षांची मर्यादा संपली आणि ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती रस्त्यावरून गेली. आमची टॅक्सी नाही, घरची गाडी. पण इंजिन तेच. १०८९ सीसी, चार सिलिंडर, खाली बिडाचा ब्लॉक, वर अ‍ॅल्युमिनियमचं हेड, साधारण ४० हॉर्सपॉवर. आजच्या भाषेत सांगायचं तर चांगल्यातल्या दोन मोटरसायकली एकत्र केल्या की झाली.

आजोबांनी ही गाडी १९८६ मध्ये पालघरच्या एका डॉक्टरांकडून जुनी घेतली. तेव्हा आमच्या आळीत दुसरी गाडी नव्हती. पालघर आणि आमच्यामध्ये वाघोबा खिंड आहे हे ज्यांना माहीत आहे त्यांना कळेल मी काय म्हणतोय. रात्री कुणाला कळा सुरू झाल्या, कुणाला साप चावला, की आमच्या दाराची कडी वाजायची. आजी अजून मोजून सांगते की गाडीत दोन बाळंतपणं झाली, एक खिंडीच्या अलीकडे आणि एक पलीकडे. त्यातली पलीकडची मुलगी आता स्वतः अंगणवाडी सेविका आहे. ती अजून रस्त्यात भेटली की माझं सोडून आधी गाडीचं विचारते.

तर प्रश्न असा. बाबा गेल्या वर्षी रिटायर झाले. बोईसरला एमआयडीसीत फॅब्रिकेशनच्या कामावर होते, केमिकल कारखान्यांना लागणाऱ्या टाक्या, रिअ‍ॅक्टर, असलं वेल्डिंगचं काम. फंडाचे पैसे आले आणि त्यातले थोडे बाजूला काढून ते म्हणाले, "गाडी चालू करायची." गाडी सात-आठ वर्षं उभी. त्याआधीही निळा धूर, खिंड चढताना पाणी उकळणं, गरम झाल्यावर ऑईलचा दिवा लुकलुकणं, हे सगळं चालूच होतं. मेस्त्री आले, वाकून बघितलं, किल्ली फिरवली, कान लावला आणि म्हणाले, "इंजिन गेलं. फुल इंजिन काम आहे."

आणि मग घरात दोन पक्ष पडले. मोठे काका म्हणाले, बदला. बाबा म्हणाले, बांधा. मला विचारलं कारण मी बीटेक. माझं बीटेक कॉम्प्युटरचं आहे हे दोघांनाही माहीत आहे. पण आपल्याकडे इंजिनिअर म्हणजे इंजिनिअर.

आता आपल्या लाइनमधल्या लोकांना हा वाद ओळखीचा वाटेल. जुना कोड आहे, कुणी लिहिला माहीत नाही, हात लावला की काहीतरी फुटतं. नवा जॉइन झालेला पोरगा पहिल्याच आठवड्यात म्हणतो, सगळं नव्याने लिहूया. नेटस्केपने १९९८ च्या सुमाराला हेच केलं. ब्राउझर मुळापासून लिहायला घेतला, पाच नंबरचं व्हर्जन बाजारात आलंच नाही, सहा नंबरचं थेट २००० च्या नोव्हेंबरात आलं, आणि तोवर मायक्रोसॉफ्ट मैदान मारून गेलं होतं. त्यामुळे माझा स्वभावतः कल दुरुस्तीकडे. पण कल म्हणजे उत्तर नव्हे. गाडीचं इंजिन कोडसारखं नसतं, ते झिजतं. कोड दहा वर्षं पडून राहिला तर जसाच्या तसा असतो, लोखंड नाही राहत. म्हणून मी दोघांना म्हटलं, आधी मोजूया. 'इंजिन गेलं' हे मत आहे, माप नाही.

पहिलं माप कॉम्प्रेशनचं. हे तुम्हीही घरी करू शकता, गेज हजार-दीड हजारात मिळतो. चारही प्लग काढायचे, एकेका भोकात गेज बसवायचा, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरायचा आणि स्टार्टर पाच-सहा वेळा फिरवायचा. आमचे आकडे आले ९५, ६०, ६०, ९०. हे पीएसआयमध्ये. चांगल्या इंजिनात यापेक्षा बरेच वर आणि एकमेकांच्या जवळ असायला हवेत. मग दुसरी फेरी. प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर ऑईल टाकायचं आणि परत मोजायचं. ऑईलमुळे रिंगा आणि भिंत यांच्यातली फट तात्पुरती बुजते. आकडा वाढला तर दोष रिंगांचा किंवा बोअरचा. नाही वाढला तर दोष वरचा, म्हणजे व्हॉल्व्ह किंवा हेडचं पॅकिंग. आमचे दुसरे आकडे ११५, ६२, ६२, ११२.

बघा, इथे मजा आहे. एक आणि चार नंबर वाढले, म्हणजे तिथे झीज आहे. दोन आणि तीन हलले नाहीत. आणि दोन-तीन हे शेजारी आहेत, आणि दोघांचा आकडा सारखाच आहे. म्हणजे त्या दोघांमधल्या पातळ पट्टीवर पॅकिंग जळालंय आणि एकाचा दाब दुसऱ्यात जातोय. हे मेस्त्रींना सांगितलं तर ते हसले. म्हणाले, "इंजिनिअर, हे मी कानाने सांगितलं असतं, तू विचारलंच नाहीस."

मेस्त्रींबद्दल सांगायला हवं, कारण अर्धा निर्णय त्यांच्याभोवती फिरतो. वय सत्तरीच्या आसपास. तरुणपणी मुंबईत टॅक्सीच्या गॅरेजमध्ये होते, फक्त फियाट. मग गावाकडे आले, मनोरला हायवेलगत गॅरेज टाकलं. आता हाताला थोडा कंप आहे. बारीक काम मुलगा करतो, पण मुलगा शिकलाय इंजेक्शनच्या गाड्यांवर, स्कॅनर लावून. टॅपेटची सेटिंग फिलर गेजने करायची, डिस्ट्रिब्युटरचा पॉइंट घासायचा, सोलेक्स कार्ब्युरेटरचा आवाज ऐकून स्क्रू पाव आटा फिरवायचा, हे त्याला येत नाही आणि त्याला त्याची गरजही नाही. म्हणजे 'बांधायचं' असेल तर ते या एक-दोन वर्षांतच बांधायचं. काकांचा 'बघू पुढच्या वर्षी' हा पर्याय खरं तर पर्यायच नव्हता.

आता काकांची बाजू. ती मी नीट मांडणार, कारण ती कच्ची नव्हती. काकांकडे दोन प्रस्ताव होते. पहिला, जिप्सीचं १३०० सीसी इंजिन. जिप्सीचंच का? कारण आपली फियाट मागच्या चाकांवर चालते, इंजिन उभं बसतं. एस्टीम किंवा झेनचं इंजिन आडवं असतं, पुढची चाकं ओढतं, ते इथे बसवायचं म्हणजे नुसती डोकेदुखी. जिप्सीचं उभं, सोबत पाच गिअर, इंजेक्शनवालं असेल तर ८० हॉर्सपॉवर. सकाळी एका किल्लीत चालू. अंदाज दीड लाखाच्या वर. काका म्हणाले, पैसे मी घालतो अर्धे.

ऐकायला छान. पण ४० च्या जागी ८०, म्हणजे दुप्पट ताकद, आणि थांबवायला काय? या गाडीला चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत. डिस्क नाही, बूस्टर नाही. म्हणजे इंजिन बदललं की ब्रेक बदला, मग पुढचं सस्पेन्शन, मग मागचा एक्सेल ती ताकद झेलेल का, मग रेडिएटर, मग वायरिंग. आपण एक लायब्ररी अपडेट करतो आणि संध्याकाळपर्यंत अख्खं प्रोजेक्ट बिल्ड होत नाही, तसं. शेवटी उरते ती फियाटच्या पत्र्यातली जिप्सी. आणि जिप्सीच हवी असेल तर जिप्सी घ्या ना, ती खिंड चढायला चांगलीच आहे.

दुसरा प्रस्ताव जास्त शहाणा होता. कुर्ल्याला सीएसटी रोडला भंगारबाजारात टॅक्सीची इंजिनं मिळतात. जिथे जन्मली तिथेच भंगारात, काय म्हणायचं याला. पंचवीस-तीस हजारांत फियाटचंच पूर्ण इंजिन. तेच माउंटिंग, तोच गिअरबॉक्स, काहीही कापाकापी नाही. काका म्हणाले, ते बसवा, गाडी आठवड्यात चालू, आपलं मूळ इंजिन ताडपत्रीखाली ठेवा, पैसे आले की सावकाश बांधा. मला हा युक्तिवाद आवडला. आपल्या भाषेत रोलबॅक शिल्लक ठेवलेला.

पण मग प्रश्न येतो, ते इंजिन आतून कसं आहे? टॅक्सी किती किलोमीटर चालली याचा हिशोब कुणाकडे नाही. सीएनजीवर पळालेली, दोन-तीनदा बोअर मारलेली असू शकते. न उघडता बसवायचं म्हणजे जुगार. उघडायचं तर तीच मजुरी, तेच लेथचं काम, फक्त परक्या ब्लॉकवर. आणि ताडपत्रीखालचं आपलं इंजिन? आमच्याकडे पावसाळ्यात सूर्या नदी दारात आल्यासारखी दमट हवा असते. पडवीतल्या विळ्याला चार दिवसांत गंज चढतो. उघड्या बोअरचं काय होईल?

आणि मग कागद. हा भाग लक्ष देऊन ऐका, जुनी गाडी घ्यायचा विचार असेल तर खास. गाडीच्या आरसी बुकात चासी नंबर असतो तसा इंजिन नंबरही असतो. पासिंगला गाडी नेली की तिथे कागद ठेवून त्यावर पेन्सिल घासून दोन्ही नंबरांचा ठसा घेतात. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ सांगतं की नोंदणीतल्या तपशिलांशी न जुळणारा बदल परवानगीशिवाय करायचा नाही. इंजिन बदलता येतं, पण त्याची मंजुरी, त्याचं बिल, त्याची आरसीत नोंद हवी. भंगारबाजारातलं इंजिन कोणत्या गाडीतून निघालं, ती गाडी चोरीची नव्हती ना, हे सिद्ध करणारा कागद मिळेलच याची खात्री काय?

आमची गोष्ट त्याहून गुंतागुंतीची. आरसी अजून आजोबांच्या नावावर. ते जाऊन बरीच वर्षं झाली. म्हणजे आधी वारसाच्या नावावर करायची, त्याला फॉर्म ३१, सोबत मृत्यूचा दाखला, आजी आणि काकांची संमती. मग नोंदणीचं नूतनीकरण, जे वीस वर्षांपुढच्या मोटारीला २०२५ पासून १०,००० रुपये झालंय, आधी ते ५,००० होतं. मग फिटनेस. आता या साखळीत मध्येच इंजिन नंबर जुळला नाही असं झालं तर? आधीच मालक हयात नाही, त्यात इंजिनही वेगळं. वसईच्या आरटीओत मी एक दिवस नुसता चौकशीला गेलो होतो. खिडकीतल्या बाईंनी फाइल बघितली आणि एकच वाक्य म्हणाल्या, "नंबर जुळतोय ना? मग होईल." आरटीओच्या लेखी इंजिन म्हणजे तो नंबर ठोकलेला ब्लॉक. आतले पिस्टन, क्रँक, व्हॉल्व्ह सगळे बदला, इंजिन तेच. ब्लॉक बदलला तर बाकी सगळं जुनं असूनही इंजिन नवं.

याच्यातच अजून एक पदर आहे, व्हिंटेजचा. जुलै २०२१ मध्ये केंद्राने नियम आणले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेली गाडी, मूळ रूपात राखलेली, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार नसलेली, तर ती व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नंबरमध्ये 'व्हीए' ही अक्षरं येतात. फी २०,०००, दहा वर्षांसाठी, नंतर नूतनीकरण ५,०००. आमची १९७३ ची, म्हणजे पन्नाशी पार. बाबांना ती पाटी फार आवडली. पण त्या नियमात लिहिलंय की अशी गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर आणायची नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यापुरतीच. बाबांना तर शुक्रवारी पालघरला बाजाराला जायचंय आणि आजीला मनोरला बहिणीकडे न्यायचंय. तेव्हा व्हिंटेजचा अर्ज आत्ता नाही करायचा असं ठरलं. मात्र उद्या बाबांना गाडी चालवणं झेपेनासं झालं, तर ती पाटी घेता यायला हवी. ब्लॉक बदलला की तो रस्ता कायमचा बंद. जिप्सीचं इंजिन टाकलं तर विचारूच नका. इलेक्ट्रिक करायचाही एकाने सल्ला दिला, त्यासाठीही मंजूर किट लागतं आणि व्हिंटेजला तेही चालणार नाही. शिवाय मासवणला संध्याकाळी लाईट जाते ती वेगळीच गोष्ट.

म्हणजे सगळं येऊन थांबलं एका गोष्टीवर. आपला ब्लॉक वाचतोय का? त्यात चीर असेल तर वरचं सगळं बोलणं वाया, मुकाट्याने कुर्ल्याला जायचं. तसं काकांना कबूलही केलं होतं.

एका रविवारी इंजिन उतरवलं. आंब्याच्या फांदीला नाही हां, ती जुनी पद्धत, बाबांनी ओळखीच्या वर्कशॉपमधून चेन-पुलीचा स्टँड आणला. हेड काढल्यावर दोन आणि तीनच्या मधली पॅकिंगची पट्टी खरंच काळी, खाल्लेली. कॉम्प्रेशनच्या आकड्यांनी सांगितलं तेच. पाण्याच्या पोकळ्यांमध्ये बोटभर गाळ. आमचं बोअरिंगचं पाणी जड आहे, आणि आजोबा रेडिएटरमध्ये तेच ओतायचे, कूलंट वगैरे तेव्हा कुणाला माहीत. खिंडीत पाणी का उकळायचं, याचं उत्तर तिथेच चमच्याने खरवडून निघालं. पिस्टनच्या डोक्यावर ०.४ असा आकडा ठोकलेला होता. म्हणजे एकदा बोअर आधीच झालाय.

मूळ बोअर ६८ मिलिमीटर, स्ट्रोक ७५. एकदा वाढवून ६८.४ केलेला. मी बोअर गेजने चारही सिलिंडर वर, मध्ये, खाली, आणि आडवे-उभे मोजले. चोवीस मापं, एक्सेलमध्ये भरली, मेस्त्री म्हणाले याला आता लग्नाचं अल्बम करा. सगळ्यात वाईट माप ६८.६३, एक नंबरला, वरच्या टोकाला. खाली ६८.४५. रिंगा वरच्या टोकाशी सगळ्यात जास्त घासतात, स्फोटाचा दाब तिथेच असतो, त्यामुळे सिलिंडर हळूहळू वर रुंद, खाली अरुंद होतो. आता ०.६ चा पिस्टन घ्यायचा म्हटलं तर बोअर हवा ६८.६०, आणि आपली भिंत तर ६८.६३ पर्यंत खाल्ली गेलीय. म्हणजे ०.६ मध्ये झीज निघणारच नाही. थेट ०.८. त्याने इंजिन १०८९ चं साधारण १११५ सीसी होतं, हे मी बाबांना सांगितल्यावर ते खूश, जसं काही फुकटात ताकद मिळाली.

पण चीर? इथे बाबांचं कौशल्य कामाला आलं. फॅब्रिकेशनमध्ये वेल्डिंगची चीर शोधायला डीपी टेस्ट करतात. तीन स्प्रेचे डबे. पहिल्याने साफ करायचं. दुसरा लाल रंग, तो मारून काही वेळ थांबायचं, रंग चिरेत शिरतो. मग वरचा पुसून टाकायचा आणि तिसरा पांढरा मारायचा. चीर असेल तर आत शिरलेला लाल रंग पांढऱ्यावर उमटून येतो. बाबांनी आयुष्यभर हे परक्यांच्या टाक्यांवर केलं. त्या दिवशी पडवीत आपल्याच गाडीच्या ब्लॉकवर केलं. काका खुर्ची टाकून बसले होते. आजी दारात.

पांढरा वाळला आणि तीन नंबरच्या कडेला एक लाल रेघ आली. बारीक, करंगळीच्या नखाएवढी, पाण्याच्या भोकाकडे जाणारी.

कुणी काही बोललं नाही. काकांनी 'बघा' असंही म्हटलं नाही, याचं मला आजही कौतुक वाटतं. बाबा वाकून बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "ही रेघ फार सरळ आहे. चीर अशी सरळ नसते." त्यांनी तेवढीच जागा बारीक एमरी पेपरने घासली, पुन्हा साफ केली, पुन्हा लाल, पुन्हा वाट बघणं. मला ती वाट बघणं प्रॉडक्शन डिप्लॉयमेंटपेक्षा लांब वाटलं. पांढरा मारला. रेघ नाही. जुनं पॅकिंग खरवडताना पत्रीचा ओरखडा उठला होता, रंग त्यात अडकला होता. तरी बाबांनी तिसऱ्यांदा केलं. नाही म्हणजे नाही. हेडलाही केलं, तेही साफ, फक्त किंचित वाकलेलं, फेसिंगने निघेल इतकं.

मग काका उठले आणि म्हणाले, "बांधा."

खर्चाचा अंदाज ५८,००० निघाला, मजुरी आणि लेथचं काम धरून. मी त्यात माझ्या धंद्याच्या अनुभवाने पंचवीस टक्के वर धरलेत. जिप्सीपेक्षा निम्मा, भंगारातल्या इंजिनापेक्षा दुप्पट. मात्र या पैशात आत काय आहे ते आम्हाला ठाऊक असेल. ब्लॉक बोईसरला लेथवाल्याकडे, क्रँक घासायला वसईला. या इंजिनाच्या क्रँकला तीनच मेन बेअरिंग असतात, त्यामुळे तिथे हलगर्जीपणा चालत नाही. ऑईलचा दिवा लुकलुकायचा तो बहुधा त्या झिजलेल्या बेअरिंगांमुळेच. पुढच्या वेळी, म्हणजे अजून वीस-पंचवीस वर्षांनी, बोअरला जागा उरणार नाही, तेव्हा लायनर ठोकून परत ६८ वर यावं लागेल. मेस्त्री आत्ताच लायनर टाकूया म्हणत होते. मी आणि बाबांनी नको म्हटलं, जोवर मूळ भिंतीत जीव आहे तोवर त्याच्यावरच.

एक बदल मात्र करतोय, आणि तो पेट्रोलमुळे. आता पंपावर मिळतं ते ई-२०, वीस टक्के इथेनॉल. १९७३ च्या गाडीचं रबर त्यासाठी बनलेलं नाही. पेट्रोलच्या नळ्या, पंपातला पडदा, कार्ब्युरेटरची पॅकिंगं फुगतात, तडकतात. ती सगळी इथेनॉल चालणाऱ्या मालाची घालतोय. इथेनॉल हवेतलं पाणीही ओढतं, त्यामुळे पावसाळ्यात गाडी महिनोन्‌महिने टाकी भरून उभी ठेवायची नाही. आणि कार्ब्युरेटरचा मेन जेट थोडा मोठा लागेल, कारण इथेनॉलमध्ये तेवढ्याच दमाला इंधन जास्त जातं. यातलं काहीही ब्लॉकला हात लावत नाही, आणि वाटलं तर परत जुनं बसवता येतं.

आत्ताची स्थिती अशी. ब्लॉक गरम कॉस्टिकच्या टाकीत धुऊन आलाय, पाण्याच्या पोकळ्या आरशासारख्या नाही म्हणणार, पण स्वच्छ आहेत. बोअर अजून मारलेला नाही. लेथवाला घाई करत होता, मेस्त्रींनी त्याला थांबवलं. पिस्टन हातात आल्याशिवाय बोअर मारायचा नाही, कारण आधी बोअर मारला आणि ०.८ चे पिस्टन मिळालेच नाहीत तर? आणि मिळाले तरी प्रत्येक पिस्टन मायक्रोमीटरने मोजून त्याच्या मापाने त्याचा त्याचा सिलिंडर कापायचा. दोन आठवडे शोधल्यावर मुंबईतल्या एका बंद पडलेल्या दुकानाच्या माळ्यावरून चारचा संच मिळाला, जुन्या पिवळट कागदात गुंडाळलेला. एका खोबणीला गंजाचा ठिपका आहे, तो मेस्त्री नखाने तपासून 'चालेल' म्हणालेत. शनिवारी मी सकाळच्या डहाणू लोकलने येतोय, मायक्रोमीटर घेऊन, लेथवर उभा राहणार.

गाडी सुरू झाल्यावर पहिले पाचशे किलोमीटर पन्नासच्या वर न्यायची नाही, खिंडीत चार माणसं बसवून चढवायची नाही, मग ऑईल बदलायचं आणि हेडचे नट परत कसायचे. बाबांना हे तीनदा सांगून झालंय. ते ऐकतील असं वाटत नाही, कारण आजीने आधीच ठरवलंय की पहिली फेरी त्या अंगणवाडीताईंना बसवून पालघरपर्यंत.

फॉर्म ३१ भरून दिलाय. त्याचं काय होतं ते पुढच्या भागात सांगतो. आणि मंडळी, एक मदत हवीय. डाव्या मागच्या दाराची काच खाली-वर करायचं हँडल आमच्याकडे नाही, स्क्रू-ड्रायव्हरने काच वर ओढतो. कुणाच्या घरी, कुणाच्या काकांच्या माळ्यावर जुन्या फियाटचं पडलं असेल तर कळवा. क्रोमचं हवं, काळं प्लॅस्टिकचं नंतरच्या गाड्यांचं आहे. चला, भेटू.